मास्तरीण गाडीचं पोस्टर

आमचे हे पेंटर आहेत. भिंती रंगवणारे नव्हेत. कुणी तसं समजलं की हे घरी येऊन जेवणावर राग काढायचे, आणि जेवण मी केलेलं असायचं, म्हणून आधीच सांगून टाकते. हे पोस्टरवाले पेंटर. शहरातल्या थिएटरांवर एकेकाळी दोन मजली उंचीचे नायक पिस्तूल रोखून उभे असायचे आणि त्यांच्या खांद्याआडून नायिका ओले डोळे करून बघायची, ती सगळी मंडळी आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जन्माला आलेली. एवढा मोठा माणूस शेडमध्ये मावायचा नाही, म्हणून हे त्याला तुकड्यातुकड्यांत काढायचे. मी चहा घेऊन जायची तेव्हा एका बाजूला खलनायकाचा नुसता जबडा आणि दुसऱ्या बाजूला नायिकेचं कपाळ वाळत पडलेलं असायचं.

नायिकेच्या बाबतीत ह्यांची पद्धत ठरलेली. गालावर गुलाबी, हनुवटीखाली निळा, केसांच्या कडेला पिवळ्याची रेघ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळात पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. तो ठिपका दिला की बाई बघायला लागते, असं ह्यांचं म्हणणं. किती बायकांना ह्यांनी असं बघायला लावलं त्याला गणती नाही. माझा नंबर मात्र कधी लागला नाही. लग्न झालं तेव्हा म्हणाले होते, तुझं एकदा मोठं काढायचंय. मी म्हटलं, काढा की, मी कुठे पळून चाललेय. पण दर आठवड्याला नवा सिनेमा यायचा आणि मी काही कुठल्या सिनेमात नव्हते. पुढे छापील फ्लेक्स आले, थिएटरवाल्यांनी हाताने काढलेली पोस्टरं बंद केली आणि हे दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले. पाटीवर पेंटरच्या बायकोचं तोंड काढ असं कुठला दुकानदार सांगणार? हे सगळं मी थट्टेत बोलायची. हे ऐकून हसायचे आणि ब्रश धुवायला घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना झटका आला. सकाळी दात घासता घासता खाली बसले ते उठलेच नाहीत. दवाखान्यात धावाधाव झाली, जीव वाचला. बोलणं शाबूत राहिलं. डावं अंग लुळं पडलं, पण उजवा हात इतका ठणठणीत की शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांच्याच कागदावर डॉक्टरांचं चित्र काढून दिलं. चित्र हुबेहूब होतं. फक्त त्यात डॉक्टरांना एकच कान होता, एकच डोळा आणि अर्धं नाक. डॉक्टरांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि मला बाहेर बोलावलं.

त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यांना काही झालेलं नाही. मेंदूचा जो भाग डाव्या बाजूकडे लक्ष ठेवतो तो दुखावलाय. डावीकडे काही असतं, हेच आता ह्यांच्या गावी नाही. आणि आपलं काही हरवलंय हेही त्यांना कळणार नाही. मी विचारलं, बरं होईल ना? ते म्हणाले, काहींचं थोडंफार सुधारतं. हे बोलताना त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, तेव्हाच मी काय ते समजले.

घरी आलो तर रोज नवा तमाशा. ताटातला उजवीकडचा भात संपायचा, डावीकडची भाजी तशीच, आणि वर मलाच विचारणार, आज भाजी नाही केलीस? दाढी अर्धी. शर्टाची एक बाही लोंबतेय. दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटायचा आणि हे सुताराचा उद्धार करायचे. वर्तमानपत्राची प्रत्येक ओळ मधूनच वाचायचे, अर्थ लागला नाही की आजकाल काय वाटेल ते छापतात म्हणून संपादकाच्या नावाने बोटं मोडायचे. हसू यायचं हो. पहिल्यांदा अर्धी दाढी पाहिली तेव्हा मी खरंच हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

कॉटवर माझी जागा पहिल्यापासून डावीकडची. एका सकाळी ह्यांनी लेकीला हाक मारून विचारलं, तुझी आई आज लवकर उठली का? मी शेजारीच पडले होते. त्या दिवसापासून मी उजवीकडे निजायला लागले. इतक्या वर्षांची जागा बदलली तर अंगाला गादीसुद्धा ओळख देईना.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायला सांगितली. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, अशी सवय लावा म्हणाल्या. कधी जमायचं, बहुतेक वेळा नाही. मला सापडलेला उपाय सोपा होता. उजवीकडचं संपलं की मी गुपचूप ताट फिरवायची. ह्यांना वाटायचं मी पुन्हा वाढलंय. पुरे गं, किती वाढशील, असं म्हणत म्हणत सगळं संपवायचे.

आमची लेक एकुलती एक. कॉलेजात फिल्म करायला शिकते, शेवटचं वर्ष. त्यांना वर्षाअखेरीला एक माहितीपट करायचा असतो, आणि हिने विषय निवडला एक गाडी. आमच्या भागातल्या ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी. अर्धं शहर त्या गाडीवर शिकलं. शिकणाऱ्याच्या पायाशी ब्रेक असतो तसा शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या पायाशीही होता, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. आता ती भंगारात निघणार होती. लेकीने फिल्मचं नाव ठेवलं 'दोन ब्रेक'.

त्या स्कूलची पाटी ह्यांनीच रंगवलेली. मास्तर पाटीवर इतके खूश झाले की म्हणाले, पेंटर, तुम्हाला फुकट शिकवतो. हे म्हणाले, सायकलच्या हॅण्डलला रंगाचे डबे अडकवून मला तोल सांभाळता येतो तेवढं पुरे झालं, हिला शिकवा. माझी आणि मास्तरणीची गाठ अशी पडली. आमच्या दारात गाडी कधी आली नाही, पण लायसन आलं.

मास्तरांची मुलाखत घेताना लेकीला त्यांच्याकडे एक फोटो मिळाला. मी तो पार विसरून गेले होते. गाडी समोरून घेतलेली. काचेत डावीकडे मी, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलेलं आणि दातही तसेच आवळलेले. उजवीकडे मास्तर, तोंड उघडं, डोळे बाहेर यायच्या बेतात. फोटो ह्यांनीच काढलेला, कुणाचा तरी कॅमेरा मागून आणून. त्यासाठी हे गाडीच्या बरोब्बर समोर जाऊन उभे राहिले आणि मी ब्रेक सोडून भलतंच काही दाबलं. गाडी ह्यांच्या गुडघ्यापासून वीतभरावर थांबली. हे जागचे हलले नव्हते. मी खाली उतरून वाट्टेल तसं बोलले तर म्हणाले, तू थांबवणार हे मला माहीत होतं. थांबवली होती मास्तरांनी, त्यांच्या ब्रेकने. ते काही मी ह्यांना सांगितलं नाही.

लेकीच्या जोडीला दोघं होते, एक कॅमेरेवाला आणि एक चष्मेवाली. फिल्मचं पोस्टर बाबांकडून काढून घ्यायचं लेकीने ठरवलं होतं, ते कसं हवं हे सांगायला दोघं घरी आले. चष्मेवाली म्हणाली, काका, आम्हाला रेट्रो लूक हवाय. ह्यांनी विचारलं, रेट्रो म्हणजे? ती म्हणाली, म्हणजे जुन्या पद्धतीचं. हे म्हणाले, मग सरळ माझ्या पद्धतीचं म्हण ना. कॅमेरेवाल्याने मोबाइलवर नमुने दाखवले आणि सांगितलं की कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की पोस्टरवर घड्या, ओरखडे, उडालेला रंग असं सगळं आपोआप येतं. हे त्याच्याकडे बघतच राहिले. पोस्टरला घडी पडू नये म्हणून ह्या माणसाने जन्मभर जिवाचं रान केलेलं.

मुलं गेल्यावर मी लेकीला स्वयंपाकघरात गाठलं. ज्या माणसाला अख्खं ताट दिसत नाही त्याला अख्खी गाडी काढायला सांगतेस, डोकं ठिकाणावर आहे का, असं झाडलं.

ती म्हणाली, "हात चांगला आहे त्यांचा, आई. आणि दिवसभर खिडकीत बसलेले मला बघवत नाहीत."

बघवत मलाही नव्हतं.

तिने फोटो मोठा करून आणला आणि ह्यांच्या उजव्या बाजूला धरून हळूहळू सरकवत सगळा दाखवला. तसा सरकवला की त्यांना तुकड्यातुकड्याने दिसतो, हे ती एव्हाना शिकली होती. हे खुलले. गाडी ओळखली, मास्तर ओळखले, मला ओळखलं. मग मान वर करून म्हणाले, "आता तुझी पाळी. पळून नाही ना गेलीस अजून?"

म्हणजे हे विसरले नव्हते. इतकी वर्षं मी बोलले ते सगळं ह्यांनी ऐकून ठेवलेलं होतं. मी म्हणाले, फोटो बघूनच काढा, आता माझ्याकडे बघून काढाल तर पांढरा रंग पुरायचा नाही. पण खरं सांगते, मी हरखून गेले होते. पन्नाशी उलटलेल्या बाईने आपलं चित्र निघणार म्हणून पोरीसारखं हुरळून जावं, हे सांगायचं तरी कुणाला? भाजी चिरता चिरता मी नाकाचा शेंडा चाचपून बघत होते, तो ह्यांना कसा जमेल म्हणून.

शेड उघडली. डब्यांतल्या रंगांवर साय धरलेली, ती काढून टाकली. बोर्डाला पांढरा हात दिला. मग चौकोन आखायचे. ह्यांची पद्धत अशी की फोटोवर बारीक चौकोन पाडायचे, बोर्डावर तितकेच पण मोठे, आणि फोटोतल्या एका चौकोनात जे असेल तेच बोर्डावरच्या त्याच चौकोनात उतरवायचं. सगळं चित्र एकदम बघायचंच नाही. दोन मजली चेहरे असेच निघायचे. रेघा मारायला खडू फासलेली दोरी दोन्ही टोकांनी ताणून मध्ये टिचकी मारतात. ह्यांचा डावा हात कामाचा नाही, म्हणून डावं टोक मी धरलं. हे विचारायचे, धरलंस का? मी म्हणायची, धरलंय. मी दिसत नसले तरी दोरी ताणली की पलीकडे कुणीतरी आहे एवढं त्यांना कळायचं. बोर्डाच्या डाव्या कडेला मी लाल पट्टीही ओढून ठेवली, व्यायामाच्या बाईंनी सांगितली होती तशी.

मग काही दिवस घर परत घरासारखं झालं. टर्पेंटाइनचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायला लागला. त्या वासाला मी संसारभर नाकं मुरडली, आता दार उघडं टाकून बसत होते. हे शीळ घालायला लागले. आणि मास्तर काय उतरले म्हणून सांगू. ओठावरचा घाम, चुरगळलेली कॉलर, भीतीने ताठलेली मान. गाडीचा त्या बाजूचा दिवा असा चमकत होता की हात लावून बघावासा वाटावा. चित्र बोर्डाच्या मध्यापर्यंत आलं आणि थांबलं. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा कॉलरवरच काम करत बसले, तिसऱ्या दिवशी पुन्हा दिव्यावर. मधल्या रेघेच्या पलीकडे खडूचे नुसते चौकोन होते. मी मनात म्हणत होते, आज वळतील, उद्या वळतील.

एका सकाळी ह्यांनी मला हाक मारली. माझ्यासमोर मास्तरांच्या बुबुळांत पांढरे ठिपके दिले आणि ब्रश डब्यात उभा केला. ब्रश उभा केला की काम संपलं, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालंय.

"झालं," हे म्हणाले. "दोघांच्याही डोळ्यांत जीव आला."

मी मनात ठेवणाऱ्यातली बाई नाही. मी सांगून टाकलं की डावीकडचं राहिलंय. हे म्हणाले, राहिलंय काय, आहे की सगळं. मी विचारलं, मग मी कुठे आहे त्यात? ह्यांनी बोट पुढे केलं. ते मास्तरांच्या खांद्यापर्यंत आलं आणि तिथेच घुटमळत राहिलं. ही काय, म्हणाले. मी ह्यांची हनुवटी दोन्ही हातांत धरली आणि मान डावीकडे वळवली. मान वळली, पण डोळे उतारावरून पाणी ओघळावं तसे पुन्हा उजवीकडे सरकले. पुन्हा वळवली, पुन्हा तेच. हनुवटी माझ्या हातात थरथरायला लागली तेव्हा मी सोडून दिली.

"आवडलं नाही असं सरळ सांग ना," हे म्हणाले.

मी म्हणाले, आवडलं, छान झालंय. दुसरं काय म्हणणार होते?

त्या दिवशी दुपारी जेवताना मी नेहमीसारखं ताट फिरवलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ताट फिरवता येतं तर बोर्ड का नाही? चौकोनांची पद्धतच अशी की उलटं काढलं तरी चालतं, पोस्टरचे खालचे कोपरे हे कितीदा बोर्ड उलटा ठेवून काढायचे. ह्यांचा डोळा लागल्यावर मी शेडमध्ये गेले आणि एकटीने तो बोर्ड खालचा वर केला. कंबरेत लचक भरली, पण कोरी बाजू उजवीकडे आली. एवढी अक्कल लढवल्याबद्दल मी स्वतःवरच खूश होते.

हे उठून आले, स्टुलावर बसले, बोर्डाकडे बघितलं आणि चेहरा पडला. हळूच विचारलं, "कुणी पुसलं?"

मी म्हणाले, कुणी पुसलं नाही, मी बोर्ड फिरवलाय, तुमचं काम पलीकडे जसंच्या तसं आहे. पण पलीकडे म्हणजे डावीकडे, आणि डावीकडे ह्यांच्यासाठी काही नव्हतंच. मी दाखवत होते, बोलत होते, त्यांचा हात धरून वाळलेल्या रंगावर टेकवत होते. हे कोऱ्या चौकोनांकडेच बघत होते.

"एवढं वाईट झालं होतं का गं?" त्यांनी विचारलं.

ह्यावर मी काय बोलले ते मला आता आठवतही नाही. हे रडले नाहीत. उजव्या कडेला आलेली माझी लाल पट्टी, ही कुठली घाण म्हणत, पांढऱ्या रंगाने बुजवून टाकली आणि नवा ब्रश घेतला. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, दुखावले असतील, पण आता तरी मी निघेन.

फोटो माझ्या लक्षातच आला नव्हता. तो होता तसा सुलटा, ह्यांच्या उजव्या हाताला टाचलेला. बोर्ड उलटा करायचा तर फोटोही उलटा करायला हवा, हे मला सुचायला हवं होतं. पण मी ताट फिरवणारी बाई, ताटाच्या शेजारी कधी फोटो टाचलेला नसतो. ह्यांनी फोटोत बघितलं, त्यातली उजवी बाजू तेवढी त्यांना दिसली, आणि त्यांनी पुन्हा मास्तर काढायला घेतले. माझ्या ध्यानात आलं तोवर मास्तरांची मिशी उतरली होती.

थांबवायचं म्हणजे हातातला ब्रश काढून घ्यायचा. आपलं काम कुणीतरी पुसलं असं समजून बसलेल्या माणसाचं काम दुसऱ्यांदा मोडणं माझ्याने झालं नाही. मी दाराला टेकून बघत राहिले. हात थकला होता, रेघ जाड येत होती, पण हे थांबले नाहीत. पुन्हा कॉलर, पुन्हा घाम, पुन्हा दिवा. काही दिवसांनी पुन्हा ते दोन ठिपके दिले आणि पुन्हा ब्रश उभा केला. माझं चित्र आता निघणार नाही, हे मला त्या डब्याकडे बघताना कळून चुकलं. रागवायचं तर कुणावर, तेवढं कळत नव्हतं.

लेक आली आणि तिने बोर्ड भिंतीला लावून सुलटा केला. पत्त्यातला राजा असतो ना, तसं झालं होतं. उजवीकडे सुलटे मास्तर, डावीकडे उलटे मास्तर, दोघांचीही तोंडं उघडी, दोघांचेही डोळे बाहेर. स्टिअरिंग कुठेच नाही. गाडी चालवायला कुणीच नाही. लेक तिथेच जमिनीवर बसली. तिला वाटत होतं, बाबांना काम दिलं की बाबा परत येतील. आता तिने तोंडावर हात ठेवला होता आणि मी तिच्या डोक्यावर.

थोड्या वेळाने म्हणाली, "आई, मी फोटोतून तुला उचलून तिथे टाकू शकते. रंग असेच करते, कुणाला कळणार नाही."

"ते ह्यांनी काढलेलं होईल का?"

"नाही."

"मग राहू दे," मी म्हणाले.

तिने दुसरं पोस्टर करायचं ठरवलं होतं, पण तोवर तिचे दोघं सोबती येऊन धडकले. बोर्ड बघून कॅमेरेवाल्याने मोबाइलवर त्याचे फोटोच काढायला घेतले. चष्मेवाली म्हणाली, दोन ब्रेक म्हणजे दोन मास्तर, गाडी उलटी होऊ दे नाहीतर सुलटी, ब्रेक आहेच, काय डोकं आहे काकांचं. तिने ह्यांना विचारलं, ही कल्पना सुचली कशी? हे म्हणाले, कल्पना कसली त्यात, फोटोत होतं तसं काढलं. दोघं हसली. एवढं करून माणूस किती साधा, असं त्यांना वाटलं. लेकीने माझ्याकडे पाहिलं, सांगू नकोस म्हणून मी मान हलवली. पोरं चांगली आहेत, त्यांनी मनापासून कौतुक केलं. ते कौतुक ऐकताना ह्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मला कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं. तोंड उघडायची माझी छाती झाली नाही.

कॉलेजच्या सभागृहात फिल्म दाखवली त्या दिवशी मी ह्यांची दाढी दोन्हीकडची करून दिली, दोन्ही बाह्या घालून दिल्या. बाहेरच्या भिंतीवर ते पोस्टर दरवाजाएवढं छापून लावलं होतं. मुलं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढून घेत होती. एकेक जण येऊन ह्यांना नमस्कार करत होता, आणि हे जुन्या दिवसांतल्यासारखे, हं, हं, ठीक आहे, असं म्हणत उभे होते. डावा पाय ओढला जातो, म्हणून मी डावा दंड घट्ट धरून उभी होते.

तेवढ्यात मास्तर आले. थकलेत आता, काठी घेऊन चालतात. पोस्टरकडे बघून खूप हसले, दोन दोन मी, म्हणाले. मग पुढे वाकून निरखून बघायला लागले. मी डोळ्यांनी खुणा करत होते, नका, काही बोलू नका. मास्तरांचं लक्ष कुठलं असायला.

"पण पेंटर, गाडी तर वहिनी चालवत होत्या ना?" त्यांनी विचारलं. "वहिनी कुठे आहेत ह्यात?"

"आहे की," हे म्हणाले. "मास्तर, तुम्हालाही आता चष्मा लागला वाटतं." आणि मग उजवीकडे, पार दरवाजापर्यंत बघत म्हणाले, "ही कुठे गेली? बोलवा कुणीतरी तिला. तिने नीट पाहिलंच नाही अजून."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्या दंडाला धरूनच उभी होते, माझं डोकं ह्यांच्या खांद्याला लागत होतं. मास्तरांच्या तोंडावरचं हसू गेलं. ते काठीवर भार देऊन नुसते उभे राहिले. इथे त्यांच्याही पायाखाली ब्रेक नव्हता.

मी दंड सोडला. लेकीला खुणावलं, तिने धरला. मग ह्यांच्या पाठीमागून वळसा घालून मी उजवीकडे येऊन उभी राहिले.

"कुठे होतीस इतका वेळ?"

"इथेच होते."

"बघ आता," हे म्हणाले. "कशी जमलीयस."

मी बघितलं. समोर मास्तरांचा घाम होता, चुरगळलेली कॉलर होती, मध्ये पुसट राहिलेली खडूची एक रेघ होती. हे माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. ह्यांना माझा चेहरा अख्खा दिसत होता की अर्धा, ते मला माहीत नाही.

"नाक जरा मोठं झालंय माझं," मी म्हणाले.

ह्यांनी मान तिरकी करून पोस्टरकडे पाहिलं, जुन्या सवयीने एक डोळा बारीक करून. बराच वेळ पाहिलं.

"आहे तेवढंच काढलंय," हे म्हणाले.